निळ्या बाटलीची गोधडी

नॉटिंगहॅम
४ सप्टेंबर २०२५

पुरुषोत्तम भाऊजी,

अनेक आशीर्वाद. राग आला तरी घ्यावे लागतील, वहिनी आहे मी तुमची, नात्यानं आणि वयानंही.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुम्ही ते न फोडताच रिसायकलिंगच्या डब्यात टाकणार, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून पत्ता ईशिताकडून लिहून घेतला. लेकीचं अक्षर बघून फोडलंत ना? फसलात. आता फोडलंच आहे तर वाचा. तीन वर्षं व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंय, फोन उचलत नाही, मग करू तरी काय?

गेल्या रविवारी ती केंब्रिजहून मुद्दाम माझ्याकडे आली होती. कोट काढायच्या आधीच दारात रडायला लागली. "काकू, बाबाचा हार्टचा व्हॉल्व्ह खराब झाली. सर्जन म्हणतो ऑपरेशन मस्ट. बाबा म्हणतो नो. तू सांग ना त्याला." पोरीला खाली बसवलं, पोहे खायला घातले आणि मोबाइलवरचे तुमचे रिपोर्ट वाचले. म्हणजे तिच्याकडून वाचून घेतले. माझा चष्मा जुना झालाय.

डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. ती झडप बदलली नाही तर हा हिवाळा निघेल, पुढच्याची खात्री नाही. जिना चढताना मध्येच उभं राहावं लागतं, मागच्या महिन्यात सेन्सबरीजच्या दुकानात चक्कर येऊन पडलात. मला दुसऱ्यांकडून कळावं हे सगळं?

आणि कारण काय देता, तर "मी तो मास्क लावून घेणार नाही. दादा तसाच गेला."

अहो, कोण बोलतंय हे? उभ्या इंग्लंडात भुलीचा हा गॅस पहिल्यांदा मोटारीच्या इंजिनात घालणाऱ्या चार वेड्यांपैकी एक! तोच माणूस आता म्हणतो मला गॅसची भीती वाटते! मला हसावं की रडावं तेच कळेना. शेवटी दोन्ही केलं. ईशिता घाबरली.

तिला यातलं काही माहीतच नाही. आपला बाप एकेकाळी डॅगनमच्या मोटार कारखान्यात शिफ्ट करून, इल्फर्डच्या भाड्याच्या गॅरेजमध्ये जुन्या गाडीत दांडगं इंजिन बसवून हॉट रॉड बांधत होता, एवढंच ऐकून होती. मग मी सांगितलं. एकोणऐंशी साल, जुनी काळी फोर्ड पॉप. टपावरून बुटकी, आतून सांगाडा, आणि पुढे भंगारातल्या रोव्हरचं व्ही-एट इंजिन. मी तिला म्हैस म्हणायचे आणि तुम्ही चिडायचात. तुमचा दोस्त टेरी अमेरिकेतल्या चुलतभावाकडून त्या गॅसची निळी बाटली घेऊन आला आणि तुम्ही दोघं तिच्याभोवती फेऱ्या मारत बसलात. हात लावायची छाती होईना. लाफिंग गॅस आहे म्हणतात, इंजिन फुटलं तर? शेवटी तुम्हीच म्हणालात, "थांब, आमच्या घरात याची एक्स्पर्ट आहे." मी तेव्हा हॉस्पिटलात भूल देणारी रजिस्ट्रार. स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बाहेर आले आणि तुम्हाला सांगितलं की हा स्वतः जळत नाही. इंजिनात तापला की याच्यातून जास्तीचा प्राणवायू मोकळा होतो, मग पेट्रोलही जास्त सोडावं लागतं, आणि मगच म्हैस उधळते.

टेरीनं तोंडाचा आ केला. आठवतं? त्या दिवसापासून तो मला 'डॉक' म्हणायला लागला.

सांगायचा मुद्दा, ऑपरेशनला हो म्हणा. एवढंच. खालीच लिहून पाठवा, माझं पोस्टाचं पाकीट सोबत आहे.

तुमची,
श्यामला वहिनी

ता.क. पाकिटावर तिकीट लावलंय. बहाणा चालणार नाही.


नॉटिंगहॅम
१५ सप्टेंबर

भाऊजी,

पाकीट आलं नाही. निरोप आला, तोही लेकीकरवी. "बाबा म्हणाला, वहिनीला सांग, लेक्चर नको. दादाच्या वेळी ती 'काही होत नाही' म्हणाली होती. आता काय म्हणते ते विचार."

असं. म्हणजे तीन वर्षं हेच घेऊन बसलात.

तेराव्याच्या जेवणातून पानावरून उठून गेलात, ते मी गिळलं. आईंच्या हातची गोधडी पलंगावरून उचलून नेलीत, तेही गिळलं. म्हटलं, भाऊ गेलाय, डोकं ठिकाणावर नाही. पण माझाही नवरा गेला होता हो! त्याचं कुणी विचारलं मला? एका शब्दानं?

जास्त लिहीत नाही. रागात लिहिलेलं मागे घेता येत नाही, आणि पोस्टात टाकलेलं तर मुळीच नाही.

श्यामला


नॉटिंगहॅम
१७ सप्टेंबर

भाऊजी,

परवाचं पत्र टाकून आले आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. विसरा ते. किंवा नका विसरू, जे खरं होतं ते होतं. पण तुम्ही विचारलंय, तर उत्तर द्यायलाच हवं. मात्र मी माझ्या पद्धतीनं देणार, थोडं फिरून येऊन. बसा निवांत. चहा करून घ्या, साखर कमी.

रविवारच्या सकाळी आठवतात? नदीकडच्या गोदामांचा तो लांबलचक सरळ रस्ता, सगळं बंद, चिटपाखरू नाही. दोन गाड्या शर्यतीला शेजारी उभ्या. हे गैर होतं, मला कळत होतं. पद्माकर, तुमचा दादा, घरी फेलोशिपच्या परीक्षेच्या अभ्यासाला बसलेला असायचा आणि आपण दोघं 'भाजी आणायला' बाहेर पडायचो. येताना खरंच भाजी आणायचो म्हणा. कोथिंबिरीला पेट्रोलचा वास, मेथीला पेट्रोलचा वास. बिचारा काही न बोलता खायचा.

पहिल्या खेपेला तुम्ही टेरीच्या पिवळ्या गाडीशी लागलात. जाण्याआधी बाटलीवरचा प्रेशरचा काटा बघितलात. फुल! मिशीला पीळ दिलात. आणि अर्ध्या रस्त्यात म्हशीनं एकदम मान टाकली. काळा धूर, ठसके, आणि टेरी हॉर्न वाजवत पुढे. परत आल्यावर तुम्ही त्या काट्याला काय काय शिव्या घातल्या, आई असत्या तर तोंडात मिरची कोंबली असती. निघताना फुल दाखवणारा काटा आता शून्यावर होता ना!

तेव्हा मी सांगितलं, या गॅसचा काटा खोटं बोलतो. बाटलीत तो पातळ होऊन बसतो. त्याचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा हलत नाही, आणि थेंब संपला की एकदम आपटतो. भूल देणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या वर्षी शिकवतात. किती उरलाय हे कळायला एकच उपाय, बाटली वजनाला लावायची.

पुढच्या रविवारी मी बाथरूममधला वजनकाटा शालीत गुंडाळून आणला. नुसती बाटली त्याच्यावर उभी राहीना, गडगडायची. मग मी तिला कडेवर घेऊन उभी राहायचे, मग बाटली ठेवून एकटी उभी राहायचे, आणि तुम्ही वजाबाकी करायचात. त्यामुळे माझं वजन अख्ख्या एसेक्सला ठाऊक झालं. टेरीची पोरं ओरडायची, "डॉक, गेल्या आठवड्यात केक खाल्लास!" आणि तुम्ही दीर असून हसायचात. निर्लज्ज!

थंडीत बाटली गार पडली की जोर कमी व्हायचा. टेरी म्हणाला ब्लोलॅम्पनं शेकूया. मी त्याच्या हातावर चापट मारली. मग घरून आईंची गोधडी आणली. त्यांच्या जुन्या लुगड्यांची, हिरव्या काठांची. आत गरम पाण्याची रबरी पिशवी, वर गोधडी, आणि बाटली माझ्या मांडीवर. त्या दिवशी तो गोरा पोलीस खिडकीशी आला, आणि साडीतली बाई मांडीवर गुंडाळलेलं काहीतरी थोपटतेय हे बघून त्यानं हळूच विचारलं, मुलगा की मुलगी? माझ्या तोंडातून निघून गेलं, "नुकतंच झोपलंय." बिचारा चवड्यांवर चालत गेला. तुम्ही स्टिअरिंगमध्ये तोंड खुपसून हसत होतात, हॉर्न वाजला असता म्हणजे!

हे सगळं कशाला सांगतेय? थांबा, येते.

शर्यतीत मला तुम्ही कधी शेजारी बसवलं नाहीत. जास्तीचं वजन नको म्हणायचात. बाटली जागेवर बसवली की मी उतरायचे, खिडकीशी वाकायचे आणि म्हणायचे, "वजन आहे." टपावर थाप मारायचे. ती थाप पडल्याशिवाय तुम्ही गिअर टाकला नाही कधी. टेरी खोळंबायचा, चिडायचा, तरी नाही.

आठवून बघा, भाऊजी. मी तुम्हाला एकदा तरी 'काही होत नाही' म्हटलं? नाही. कारण होऊ शकत होतं. टायर फुटू शकत होता, मांजर आडवं येऊ शकत होतं. जे मी स्वतः तोलून बघितलं होतं तेवढंच बोलायचे मी. बाकी तुमचा हात आणि तुमचं नशीब.

आणि पद्माकरच्या वेळी? तुम्ही कॉरिडॉरमध्ये विचारलंत, "वहिनी, नक्की ना?" आणि मी म्हटलं, काही होत नाही हो. त्याची महाधमनी फुगली होती, ऑपरेशन मोठं होतं, मला विचाराल तर खूप मोठं. पण मी त्याची फाइल उघडलीच नव्हती. तिथली भूलतज्ज्ञ माझ्याच हाताखाली शिकलेली, तिनं फाइल पुढे केली, मी नको म्हटलं. आयुष्यभर डॉक्टर होते, त्या दिवशी मला नुसती बायको व्हायचं होतं. त्याचा हात धरून बसायचं होतं. बायका जे म्हणतात तेच मी म्हटलं. त्याला गॅसनं काही केलं नाही, भाऊजी. ती धमनी टाके घालण्याआधीच फाटली. ऑपरेशन केलं नसतं तर कदाचित घरी, स्वयंपाकघरात फाटली असती. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही पानावरून उठलात.

माझीही एक गोष्ट सांगते, ईशिताला सांगू नका. तेव्हापासून मी हॉस्पिटलच्या दारातून आत पाऊल टाकलेलं नाही. चष्मा जुना झालेला नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोनदा तारीख मिळाली, दोनदा मी सर्दी झाली म्हणून कळवलं. भुलीची बाई भुलीला घाबरते, आणि तिथे तर नुसते थेंब घालतात! तेव्हा तुम्हाला मी कुठल्या तोंडानं लेक्चर देऊ?

म्हणून या वेळी लेक्चर नाही. मी तुमचे रिपोर्ट ईशिताकडून मोबाइलवर मागवले आणि मोठं भिंग घेऊन बसून वाचले. स्वतः वाचले. दोन दिवस घेतले. फुप्फुसं चांगली आहेत, सिगरेट सोडलीत त्याचं फळ. मूत्रपिंडं उत्तम. शुगर किंचित, ती त्या कस्टर्ड क्रीम बिस्किटांची. बाकी सगळ्या नळ्या साफ. एक झडप तेवढी गंजलीय. तुम्ही डोळे मिटून बदलायचात तशा झडपा. आणि तुमचा तो आवडता गॅस आता ते लोक जवळजवळ वापरतच नाहीत, हवा बिघडवतो म्हणून कितीतरी हॉस्पिटलांनी त्याच्या नळ्याच बंद केल्या. रस्त्यावर पोरं फुग्यांतून ओढतात म्हणून आता कायदाही आलाय. ती निळी बाटली अजून गॅरेजात असेल तर कुणी विचारल्यास बाळ आहे म्हणून सांगू नका.

तर तुम्ही विचारलंत, आता काय म्हणते. आता मी 'काही होत नाही' म्हणणार नाही. मला माहीत नाही. थिएटरात थंडी असेल, तुम्ही घाबरलेले असाल, आणि मी बाहेर असेन. पण तोलून बघितलंय मी.

वजन आहे, भाऊजी.

श्यामला वहिनी


नॉटिंगहॅम
६ ऑक्टोबर

भाऊजी,

पोस्टमननं पार्सल शेजारच्या बाईंकडे ठेवलं होतं. मला वाटलं, ॲमेझॉनवाल्यानं चुकून आणलं. कात्रीनं दोरा कापला आणि आधी वासच आला. भाऊजी, सेहेचाळीस वर्षं झाली, अजून तिला पेट्रोलचा वास येतो! हिरवे काठ तसेच. एक कोपरा विरलाय, तो मी शिवेन. म्हणजे ईशिताकडून सुईत दोरा ओवून घेईन.

आत तुमची चिठ्ठी. कारखान्यातल्या माणसाचं अक्षर, अजून सुधारलेलं नाही.

"वहिनी, चार नोव्हेंबर, सकाळी साडेसात. थिएटरात थंडी असते म्हणालात. ही घेऊन या. पेट्रोल धुतलं नाही. दादाला ठाऊक होतं. एकदा मला म्हणाला, तुझी वहिनी भाजीवाल्याकडून परत येते तेव्हा नवऱ्यामुलीसारखी दिसते, तिला नेत जा. पु."

बसले मी तिथेच, हॉलमधल्या चपलांच्या शेजारी. आयुष्यभर पेट्रोलची कोथिंबीर खाल्ली त्या माणसानं आणि एका शब्दानं बोलला नाही. किती रडले म्हणून सांगू. मग हसले. मग शेजारच्या बाई बेल वाजवून विचारून गेल्या की ठीक आहात ना.

दिवाळीला इल्फर्डला येते. चकल्या मी करीन. तुम्हाला दोनच मिळतील, शुगर किंचित आहे असं मी लिहिलंय, आता बदलता येत नाही.

हॉस्पिटलच्या दारातून आत येईन की नाही, ते मात्र त्या दिवशी बघू.

वहिनी


लंडन, हॉस्पिटलची वेटिंग रूम
५ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही वर अतिदक्षता विभागात आहात, मी खाली मशीनचा भिकार चहा घेऊन. आत एका वेळी एकालाच सोडतात आणि आत्ता लेकीची पाळी. तेवढ्यात लिहून ठेवते. घरी गेल्यावर आरामात वाचा. तुम्ही काय काय विसराल कुणास ठाऊक.

काल सकाळी मी त्या सरकत्या काचेच्या दारासमोर उभी राहिले आणि पाय हलेनात. दार उघडे, बंद होई, उघडे, बंद होई. लोक बाजूनं जात होते. हातात ती पेट्रोलची गोधडी. मग मनात म्हटलं, श्यामला, बाटली गार पडतेय. आणि शिरले.

थिएटरच्या दारापर्यंत त्यांनी मला येऊ दिलं. तुमचा रंग पांढराफटक पडला होता, तरी ट्रॉलीवाल्या पोराला हळू चालव म्हणून सांगत होतात. नर्सबाई म्हणाल्या, गोधडी आत नेता येणार नाही. ठीक आहे, दारापर्यंत तर पायांवर होती. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. मला कळलं. मी वाकले, "वजन आहे" म्हटलं, आणि ट्रॉलीच्या दांड्यावर थाप मारली. तेव्हा तुमचा अंगठा चादरीवर जोरात दाबला गेला, गॅस सोडायच्या जुन्या बटणावर दाबायचात तसा. मी पाहिलं. मोतीबिंदू असूनही पाहिलं.

मग जो काही वेळ गेला तो नको आठवायला. ईशिता आणि मी एका गोधडीत बसलो होतो. सर्जन बाहेर आले आणि आधी हसले, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "काकू, तू गोधडी सोडत नाहीस." म्हटलं, एसी आहे ग.

आज सकाळी त्यांनी तुमच्या घशातली नळी काढली. बाहेर आता अंधार पडतोय आणि कुणाच्या तरी बागेत फटाके सुरू झालेत, पाच नोव्हेंबर ना, इथल्या लोकांची फटाक्यांची रात्र. मघाशी वरची नर्स खाली येऊन मला शोधत होती. गोंधळली होती बिचारी. म्हणाली, "तुमचे पेशंट शुद्धीवर आलेत, छान आहेत. पण पहिला प्रश्न त्यांनी विचित्र विचारला. वहिनीचं वजन किती, म्हणाले. आम्ही औषधाच्या डोससाठी त्यांचं वजन घेतो, तुमचं कशाला हवंय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वेटिंग रूममध्ये बाकीचे नातेवाईक बघताहेत!

आगाऊपणा अजिबात गेलेला नाही तुमचा. झडप नवी आणि माणूस जुनाच. पण मी वर येईन तेव्हा पुन्हा विचाराल आणि सगळ्या वॉर्डाला ऐकवाल, त्यापेक्षा लिहूनच देते. खाली औषधांच्या दुकानात यंत्र आहे, उभी राहून आले.

अडुसष्ट किलो. गोधडीसकट.

तुमची,
श्यामला वहिनी